वस्तीत पाळणाघर वाढवायचं तर: केंद्र, घरगुती पाळणाघर, व्हाउचर की कामाच्या जागी सोय?

एखाद्या संस्थेकडे, नगरपालिकेकडे किंवा ट्रस्टकडे कमी उत्पन्नाच्या वस्तीतल्या मुलांसाठी निधी आला की पहिली चर्चा जागेची होते. कुठे बांधायचं, किती खोल्या, भिंतींवर कुठली चित्रं. उद्घाटनाचा फोटो इमारतीसमोर चांगला येतो, हेही खरंच. पण बांधकामाचा खर्च एकदा होतो आणि संपतो. मुलं सांभाळायला माणसं लागतात आणि त्यांचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो. हा महिन्याचा पैसा कुणाच्या हातात आणि कुठल्या वाटेने द्यायचा, हे आधी ठरवायला हवं. इमारतीचं नंतर बघता येतं.

वाटा ढोबळमानाने चार आहेत. वस्तीत केंद्र काढायचं आणि तिथे पगारी माणसं नेमायची. वस्तीतल्याच बायकांनी आपापल्या घरी चार-सहा मुलं सांभाळायची आणि त्यांना प्रशिक्षण, साहित्य नि पैसा पुरवायचा. पालकांना व्हाउचर (म्हणजे फक्त पाळणाघराची फी भरायला चालणारं कुपन) किंवा रोख रक्कम देऊन सोय त्यांनाच निवडू द्यायची. किंवा आईबाप जिथे काम करतात तिथल्या मालकाला पाळणाघर चालवायला लावायचं. पाचवा पर्याय म्हणजे आधीच चालू असलेल्या बालवाडीची वेळ वाढवणं. तो दिसायला किरकोळ आहे, पण पुष्कळदा सगळ्यात स्वस्त पडतो. त्याबद्दल पुढे बोलू.

गरज किती मोठी आहे ते एका आकड्यावरून कळेल. शाळेच्या वयाखालच्या, सांभाळाची गरज असलेल्या पण सोय न मिळणाऱ्या मुलांची संख्या जगभरात सुमारे ३५ कोटी असल्याचा अंदाज जागतिक बँकेने २०२० मध्ये मांडला होता. यातली बहुतेक मुलं गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत आहेत. ती दिवसभर एकटी बसलेली असतात असं नाही. कुणी आठ-नऊ वर्षांच्या ताईच्या कडेवर असतं, कुणी आजीजवळ, कुणी आईसोबत कामावर, कुणी शेजारणीच्या खोलीत. म्हणजे तुम्ही रिकाम्या पाटीवर लिहायला बसलेले नाही. वस्तीत सांभाळाची काहीतरी व्यवस्था आधीपासून असतेच आणि तुमच्या निर्णयाने ती सुधारेल किंवा मोडेल.

पर्याय निवडण्याआधी वय आणि वेळ

‘लहान मुलं’ हा शब्द निर्णयासाठी फार सैल आहे. आठ महिन्यांचं बाळ आणि चार वर्षांचं मूल यांच्या सांभाळाचा खर्च एकसारखा नसतो. इंग्लंडमधल्या केंद्रांसाठी नियम असा आहे: दोन वर्षांखालच्या ३ मुलांमागे किमान एक माणूस, तर तीन वर्षांवरच्या ८ मुलांमागे एक. नुसत्या पगाराच्या हिशेबानेच तान्हं मूल अडीच पटींहून महाग पडतं. याचा परिणाम असा की ‘बालसंगोपन’ म्हणून सुरू झालेल्या योजना हळूहळू तीन ते सहा वयोगटाकडे सरकतात. पटावर मुलं जास्त दिसतात, दर मुलामागचा खर्च कमी दिसतो, अहवाल चांगला होतो. पण आईचं काम सुटतं ते मुलाच्या पहिल्या तीन वर्षांत. त्या वयाला हात न लावणारी योजना बालवाडी म्हणून उत्तम असू शकते, मात्र आईला तिचा उपयोग उशिरा होतो.

दुसरी गोष्ट वेळेची. सकाळी नऊ ते बारा चालणाऱ्या वर्गाच्या भरवशावर कुणी नोकरी धरू शकत नाही. सफाई, घरकाम, दुकान, हॉटेल, कारखाना, रुग्णालय, गोदाम यांतल्या पाळ्या पहाटे सुरू होतात किंवा रात्री संपतात. वर जाण्यायेण्याचा वेळ आहेच. शिवाय पाळी दर आठवड्याला बदलू शकते, ती आदल्या दिवशी कळू शकते. म्हणून कुठल्याही पर्यायाचा विचार करण्याआधी वस्तीतल्या पंचवीस-तीस घरांमध्ये बसून एकच माहिती गोळा करा: घरातलं मोठं माणूस किती वाजता बाहेर पडतं आणि किती वाजता परत येतं. ‘पाळणाघर हवं का?’ असं विचारू नका. त्याला सगळे हो म्हणतात आणि तुमच्या हाती काहीच लागत नाही.

केंद्र आणि घरगुती पाळणाघर

बहुतेक संस्था इथे अडतात, आणि इथला पुरावाही रंजक आहे.

कोलंबियाने १९८० च्या दशकाच्या मध्यात गरीब वस्त्यांमध्ये सामुदायिक पाळणाघरांची योजना सुरू केली. वस्तीतली एक बाई, ‘सामुदायिक माता’, आपल्याच घरात बारा ते पंधरा मुलं सांभाळायची. सरकार आहार, थोडं प्रशिक्षण आणि मानधन द्यायचं. इमारती बांधायच्या नसल्याने योजना झपाट्याने पसरली आणि लाखो मुलांपर्यंत पोहोचली. यात दोन खोट होत्या. एक म्हणजे वेगवेगळ्या वयाची पंधरा मुलं एका बाईच्या अंगावर. दुसरी खोट पैशाची. या बायकांना कित्येक वर्षं किमान वेतनापेक्षाही कमी मानधन मिळत राहिलं. किमान वेतनाचा रीतसर करार २०१४ मध्ये झाला. योजना स्वस्त होती कारण तिचा एक हिस्सा त्या बायकाच सोसत होत्या. घरगुती पाळणाघरांचा खर्च केंद्राच्या एक तृतीयांश वगैरे असल्याचं कुणी सांगितलं की मी आधी सांभाळणारीचा महिन्याचा पगार विचारतो. बहुधा सगळी बचत तिथेच झालेली असते.

पुढे २०११ मध्ये कोलंबियाने बालविकासाचं नवं धोरण आणलं. घरांमधली मुलं मोठ्या केंद्रांकडे वळवायला सुरुवात झाली. शिकलेला कर्मचारीवर्ग, आहारतज्ज्ञ, मोठी जागा, खेळणी. दर मुलामागचा खर्च बराच वाढला. संशोधकांनी घरगुती पाळणाघरांत राहिलेल्या आणि केंद्रांत गेलेल्या मुलांची तुलना केली, तेव्हा बौद्धिक विकासात अपेक्षित झेप दिसली नाही. महागड्या केंद्राचा निकाल साध्या घरापेक्षा सरस ठरला नाही. यावरून केंद्रं वाईट असा निष्कर्ष मी काढणार नाही. पण खोली, पदव्या आणि सामान वाढलं की मुलाशी बोलणं, त्याच्या प्रश्नाला उत्तर देणं, त्याला मांडीवर घेऊन चित्रं दाखवणं आपोआप वाढतं, या समजुतीला हा चांगलाच धक्का आहे.

केंद्राच्या बाजूनेही भक्कम पुरावा आहे. रिओ द जानेरोमध्ये गरीब वस्त्यांमधल्या मोफत पाळणाघरांसाठी अर्ज जागांपेक्षा खूप जास्त आले, म्हणून सोडत काढली गेली. सोडतीत जागा मिळालेल्या आणि न मिळालेल्या कुटुंबांची तुलना झाली. नोकरी करणाऱ्या आयांचं प्रमाण साधारण ३६ टक्क्यांवरून ४६ टक्क्यांवर गेलेलं दिसलं. एका सोयीने एवढा फरक पडणं लहान गोष्ट नाही. (जागा कमी असतील तेव्हा सोडत काढणंच मला न्याय्य वाटतं. ‘आधी येईल त्याला’ म्हटलं की ज्याच्या घरात रांगेत उभं राहायला मोकळं माणूस आहे त्यालाच जागा मिळते.)

दोन्हींची बलस्थानं आणि कच्चे दुवे शेजारी ठेवून पाहिले तर असं दिसतं:

| मुद्दा | केंद्र | घरगुती पाळणाघर |
|---|---|---|
| तीन वर्षांखालची मुलं | जमतं, पण माणसं जास्त लागतात | स्वाभाविकपणे जमतं, संख्या चार-सहापर्यंत राहिली तर |
| वेळ | ठरलेली. वाढवायची तर दुसरी पाळी नेमावी लागते | लवचीक. पण सांभाळणारीचा दिवस चौदा तासांचा होऊ शकतो |
| सांभाळणारी आजारी पडली तर | बदली माणूस असतं | पाळणाघर बंद, आईचा रोज बुडतो |
| मुलांवर कुणाची नजर | किमान दोन मोठी माणसं | बहुतेक वेळ एकटीच |
| मुलं कमी झाली तर | पगार-भाडं तसंच चालू | खर्च आपोआप कमी, पण तिचं उत्पन्नही |
| विशेष गरजा असलेली मुलं | तज्ज्ञ बोलावणं सोपं | अवघड, आधाराशिवाय जवळजवळ अशक्य |
| सुरू व्हायला लागणारा काळ | परवानगी, जागा, बांधकाम, लांबतो | प्रशिक्षण आणि किरकोळ दुरुस्ती, लवकर |

तक्त्यात न मावणाऱ्या काही गोष्टी अनुभवी लोक हमखास सांगतात. घरगुती पाळणाघरात आकडा फुगतो. सहा मुलांची मर्यादा घातली तरी सातव्या मुलाची आई शेजारचीच असते, तिला नाही म्हणणं अवघड जातं आणि तेवढेच चार पैसे जास्त मिळतात. भाड्याचं घर असेल तर घरमालकाची हरकत येते. घरात नवरा, दीर, भाडेकरू असे इतरही पुरुष वावरतात, म्हणून पोलीस पडताळणी आणि अचानक भेटी या गोष्टी संकोचापोटी टाळायच्या नसतात. चूल किंवा गॅस, पाण्याची टाकी, उघडा जिना, रॉकेल-फिनाईलच्या बाटल्या हे सगळं आधी तपासायचं. दुसरीकडे, घर दोन दारं सोडून असतं, मुलाची भाषा तिथे बोलली जाते, भावंडं एकत्र राहतात आणि आईला उशीर झाला तर कुणी दंड लावत नाही. रात्रपाळीच्या आईसाठी तर याला पर्यायच नसतो.

केंद्र म्हटलं की सुरक्षितता गृहीत धरली जाते. मेक्सिकोतल्या एर्मोसियो शहरात ५ जून २००९ रोजी एका पाळणाघराला आग लागून ४९ मुलं दगावली. आग शेजारच्या गोदामातून आली होती. ते घरगुती नव्हतं, सरकारी सामाजिक सुरक्षा संस्थेशी संलग्न असलेलं केंद्र होतं. एकाच छताखाली जितकी जास्त मुलं, तितकं बाहेर पडण्याच्या वाटांना, शेजारच्या इमारतीत काय साठवलंय याला आणि न चालणारी बाळं किती मिनिटांत बाहेर काढता येतील याला महत्त्व येतं. स्वस्त जागा म्हणून गोदामाचा किंवा कारखान्याचा कोपरा सुचवला गेला तर तो प्रस्ताव तिथेच बाजूला ठेवावा.

तिसरी वाट या दोहोंच्या मधून जाते: घरगुती पाळणाघरांचं जाळं आणि त्याच्या मध्यभागी एक छोटं आधारकेंद्र. केनियातली ‘किडोगो’ ही संस्था दाट वस्त्यांमध्ये आधीपासून पाळणाघर चालवणाऱ्या बायकांना हाताशी धरते. त्यांना शिकवते, जागा नीटनेटकी करायला मदत करते, हिशेब ठेवायला लावते आणि नंतर भेटी देत राहते. यात नवीन जागा फारशा तयार होत नाहीत. असलेल्या जागा सुधारतात. पण दाट वस्तीत प्रश्न बहुधा हाच असतो. जागा असते, तिथे एका अंधाऱ्या खोलीत वीस मुलं झोपवून ठेवलेली असतात.

आणि इथे एक धोका आहे, ज्याचा हिशेब प्रस्तावांत क्वचितच येतो. अशा वस्तीत तुम्ही मोफत केंद्र उघडलंत की आजूबाजूच्या पाच-सहा बायकांची पाळणाघरं बंद पडतात. तीन वर्षांनी तुमचं अनुदान संपलं, केंद्राला कुलूप लागलं, तर तोवर त्या बायका दुसऱ्या कामाला लागलेल्या असतात. वस्तीत आधी होतं तेही उरत नाही. घरगुती सांभाळ करणारी माणसं गुपचूप नाहीशी होतात, हे श्रीमंत देशांतही दिसतं. इंग्लंडमध्ये नोंदणीकृत चाइल्डमाइंडरांची, म्हणजे स्वतःच्या घरी मुलं सांभाळणाऱ्यांची, संख्या साधारण एका दशकात निम्म्याच्या आसपास आली. कमी मोबदला, वाढलेली कागदपत्रं आणि एकटेपण ही कारणं तिथे वारंवार सांगितली जातात.

पैसा पाळणाघराला की पालकाला?

हा वाद तत्त्वाचा म्हणून लढला जातो. पालकाला निवडीचं स्वातंत्र्य द्या असं एक बाजू म्हणते, सोय उभी करा असं दुसरी. प्रत्यक्षात याचं उत्तर वस्तीत निवडण्याजोगं काही आहे की नाही, यावर ठरतं.

नैरोबीतल्या कोरोगोचो या वस्तीत आयांना पाळणाघरासाठी व्हाउचर देऊन पाहिलं गेलं. तिथे छोटी पाळणाघरं आधीपासून होती, अडचण फीची होती. व्हाउचर मिळालेल्या आयांमध्ये कामावर असणाऱ्यांचं प्रमाण साधारण साडेआठ टक्के-बिंदूंनी (म्हणजे शंभरामागे साडेआठ जणींनी) वाढलं. एकट्या आयांच्या बाबतीत वेगळंच दिसलं: त्या आधीपासूनच काम करत होत्या, व्हाउचरमुळे त्यांना कमी तासांचं काम घेता आलं आणि तरी कमाई घटली नाही. केवळ ‘किती बायका नोकरीला लागल्या’ एवढंच मोजणाऱ्या अहवालात हा फायदा दिसलाच नसता.

युगांडात याहून थेट तुलना झाली. काही कुटुंबांना पूर्ण दिवसाच्या बालवाडीची फी दिली, काहींना साधारण तेवढीच रोख रक्कम. बालवाडीच्या फीमुळे एकट्या आयांचं काम आणि कमाई वाढली. दोन पालकांच्या घरात मात्र आईऐवजी वडिलांची पगारी नोकरी वाढलेली दिसली, कारण मोकळा झालेला वेळ आणि पैसा घर आपल्या पद्धतीने वापरतं. मुलांच्या विकासालाही बालवाडीचा फायदा झाला. मूल सांभाळायची सोय म्हणजे आईला दिलेली सवलत, असं धरून चालणाऱ्यांनी हा निकाल जरूर लक्षात ठेवावा.

मेक्सिकोने उलटी वाट धरून पाहिली. २००७ पासून तिथे ‘एस्तान्सियास इन्फान्तिलेस’ नावाची योजना होती. वस्तीतली लहान पाळणाघरं, त्यांना दर मुलामागे सरकारी अनुदान, उरलेली थोडी फी पालकांची. सुमारे ९,००० पाळणाघरं आणि तीन लाखांहून जास्त मुलं असा तिचा पसारा झाला. २०१९ मध्ये नव्या सरकारने गैरव्यवहाराचं कारण देत हे अनुदान थांबवलं आणि दर दोन महिन्यांना १,६०० पेसो थेट पालकांना द्यायला सुरुवात केली. रोख रक्कम घरात आली की ती भाड्याला, औषधाला, उधारीला जाते. त्यात गैर काही नाही, गरिबाच्या घरात पैशाला आधीपासून वाटेकरी असतात. पण पाळणाघर चालवणारीचं महिन्याचं ठरलेलं उत्पन्न गेलं आणि पुष्कळ जागा बंद पडल्या. एकेका पालकाला पैसे मिळाले, तरी वस्तीत पैसे देऊन घेण्यासारखी जागाच उरली नाही तर त्या पैशांतून सांभाळ मिळत नाही.

व्हाउचरची वाट धरायचीच असेल, तर योजना बारीकसारीक अटींवर तरते किंवा बुडते. पैसे हजेरीवर द्यायचे की पटावर? हजेरीवर दिले आणि मूल आठवडाभर तापाने घरी राहिलं, तर पाळणाघराचं उत्पन्न घटतं. भाडं आणि पगार मात्र घटत नाहीत. मग चालक आजारी पडणारी, अनियमित येणारी, म्हणजे सर्वांत गरीब घरांतली मुलं टाळायला लागतात. पैसे पटावर आणि महिन्याच्या सुरुवातीला मिळायला हवेत. उत्पन्नाची मर्यादा ओलांडली की पूर्ण मदत बंद, असा नियम असेल तर थोडीशी पगारवाढही कुटुंबाला तोट्यात टाकते. मदत टप्प्याटप्प्याने कमी व्हायला हवी. कागदपत्रांचं ओझं तर वेगळंच. भाडेकरार नाही, पत्ता बदलतो, मालक पगाराची पावती देत नाही, अशी घरं आपोआप बाहेर राहतात.

काम करत असल्याची अट अशीच दुधारी आहे. इंग्लंडने २०१७ मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी आठवड्याला ३० तास अनुदानित सांभाळ सुरू केला, पण पालकांनी ठरावीक किमान कमाई केलेली असणं आवश्यक ठेवलं. ज्या घरात अजून काम मिळालेलं नाही, जिथे आई काम शोधायलाच मूल कुठेतरी ठेवू पाहते, ते घर या दाराबाहेर राहिलं. कामासाठी पाळणाघर हवं आणि पाळणाघरासाठी काम हवं. अशी अट आपल्या योजनेत नकळत शिरलीय का, हे अर्जाचा नमुना छापण्याआधी पाहा.

सर्वांसाठी एकच स्वस्त दर ठेवला तर? कॅनडातल्या क्विबेक प्रांताने १९९७ मध्ये दिवसाला ५ डॉलर दराने पाळणाघरं सुरू केली. आयांचं नोकरीतलं प्रमाण ठळकपणे वाढलं. दुसरीकडे, मागणी जागांच्या पुढे धावली, चांगल्या बिगरनफा केंद्रांमधल्या जागा सुस्थितीतल्या घरांनी पटकावल्या आणि नफ्यावर चालणाऱ्या जागांचा दर्जा तुलनेने कमी राहिला. काही अभ्यासांत मुलांच्या वागणुकीतल्या अडचणी वाढल्याचंही नोंदवलं गेलं. सार्वत्रिक योजनेचा राजकीय पाया भक्कम असतो, कारण ती बंद केली तर सगळेच ओरडतात. पण कमी उत्पन्नाच्या वस्तीपर्यंत ती पोहोचवायची असेल, तर नवीन जागा आधी तिथे उघडाव्या लागतात. दर स्वस्त केला म्हणून सोय आपोआप तिकडे सरकत नाही.

कामाच्या ठिकाणी

कायद्याने मालकावर सक्ती करणं कागदावर फुकटात पडतं, म्हणून सरकारांना हा पर्याय आवडतो. चिलीत २० किंवा अधिक बायका कामावर असलेल्या मालकाला पाळणाघराचा खर्च द्यावा लागतो. तिथल्या अभ्यासात असं दिसलं की या उंबरठ्याच्या वरच्या कंपन्यांमध्ये बायकांचा सुरुवातीचा पगार ९ ते २० टक्क्यांनी कमी ठरतो. म्हणजे खर्च फिरून बाईच्याच पगारातून निघाला. भारतातल्या कारखाना कायद्यात मर्यादा ३० स्त्री कामगारांची होती, आणि २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीत ५० कर्मचाऱ्यांची, त्यात पुरुषही मोजायचे. दुसरी पद्धत निःसंशय बरी: मोजणी फक्त बायकांची केली की बाईला कामावर न घेणं हीच पळवाट होते. पण घरकाम करणारी, फेरीवाली, घरी बसून शिवणकाम करणारी यांना मालकच नसतो किंवा दहा मालक असतात. कमी उत्पन्नाच्या वस्तीत अशाच बायका जास्त, त्यामुळे मुख्य योजना म्हणून हा पर्याय मी घेणार नाही.

अपवाद आहे तो मोठ्या, फिरत्या कामांचा. बांधकामाच्या जागी मजुरांच्या मुलांना सांभाळायचं काम दिल्लीत मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये ‘मोबाइल क्रेशेस’च्या रूपाने सुरू केलं, काम हललं की पाळणाघरही हलतं. बुर्किना फासोत सरकारी रोजगाराच्या कामांवर अशीच फिरती पाळणाघरं दिली गेली. सोय उपलब्ध असलेल्या आयांपैकी साधारण चौथ्या हिश्श्यानेच ती वापरली, तरी एकूण आयांच्या रोजगारात आणि मुलांच्या विकासात फरक दिसला. सगळ्या घरांना जागा हव्यात असं धरून मोठी इमारत बांधण्याआधी हा चौथा हिस्सा आठवावा.

चालू बालवाडीची वेळ वाढवणं

जागा आहे, पट आहे, लोकांचा विश्वास आहे, फक्त दुपारी कुलूप लागतं. अशा ठिकाणी दुपारनंतरच्या चार तासांसाठी दुसरी पगारी बाई, झोपायला चटया आणि एक वेळचा आहार एवढ्यावर पूर्ण दिवस उभा राहू शकतो. अट एकच: तीच सेविका, त्याच मानधनात, जास्त तास असं होता कामा नये. तसं झालं की सहा महिन्यांत दुपारचा भाग मुलं नुसती झोपवण्याचा होतो. तीन वर्षांखालच्यांसाठी मात्र ही वाट फारशी कामाची नाही. बालवाडीची खोली, स्वच्छतागृह आणि माणसं त्या वयासाठी नसतात.

फी आणि पगार

‘फुकट दिलं की किंमत राहत नाही’ हे वाक्य अशा बैठकीत हमखास येतं. माझ्या मते ते बहुतेक वेळा निधी कमी पडतोय हे लपवायला वापरलं जातं. फी घ्यायची तर तिचा उपयोग हिशेबात दिसला पाहिजे. रोजंदारीवर जगणाऱ्या घराला महिन्याची आगाऊ फी जड जाते, तीच रोज किंवा आठवड्याला घेतली तर पेलते. अमेरिकेत २०१६ मध्ये कुटुंबाच्या उत्पन्नाच्या ७ टक्क्यांपर्यंतची फी परवडण्याजोगी मानली गेली. तो आकडा जसाच्या तसा उचलू नका. अगदी कमी उत्पन्नात ७ टक्केही फार होतात, आणि दुसरं मूल असेल तर आणखी.

फीतून सगळा खर्च निघेल हा हिशेब जवळजवळ कधीच जुळत नाही. एका बाईकडे चार तान्ही मुलं असतील आणि तिलाही किमान वेतन मिळायचं असेल, तर तिचा पगार चार घरांनी वाटून घ्यायचा. त्या घरांतल्या आयाही किमान वेतनावरच असतील, तर प्रत्येकीच्या पगाराचा चौथा भाग तिथेच संपतो, आणि यात भाडं, आहार, औषधं अजून धरलेली नाहीत. बाहेरचा पैसा कायम लागणार. तो कायम येणार नसेल तर कात्री सांभाळणारीच्या पगाराला लागते, ती सोडून जाते, आणि एक वर्षाच्या मुलाच्या आयुष्यातलं ओळखीचं माणूस तिसऱ्यांदा बदलतं.

मग निवडायचं काय?

पाच वर्षांहून जास्त काळ पगार देण्याची लेखी हमी, म्हणजे नगरपालिकेची तरतूद किंवा राज्याची योजना, पाठीशी असेल आणि वस्तीतली बहुतेक कामं दिवसपाळीची असतील, तर केंद्र काढा. ते तळमजल्यावर ठेवा, मुलांची संख्या मध्यम ठेवा, आणि पहिल्या वर्षी चित्रांऐवजी माणसांच्या प्रशिक्षणावर खर्च करा.

पाळ्या वेडीवाकड्या असतील, तान्ही मुलं जास्त असतील, किंवा वस्तीत आधीपासून सांभाळणाऱ्या बायका असतील, तर घरगुती जाळं आणि आधारकेंद्र. बहुतेक दाट वस्त्यांसाठी माझा कल याच बाजूला आहे, तीन अटींवर: सांभाळणारीचा ठरलेला पगार, ती आजारी पडली तर जायला तयार असलेलं बदली माणूस, आणि महिन्यातून किमान दोनदा न सांगता होणारी भेट. भेटीला जाणारी बाई वही तपासण्यापेक्षा अर्धा तास मुलांशी खेळली, तर तिला जास्त कळतं. या तिन्ही अटींचा खर्च धरला की घरगुती वाट केंद्राच्या बरीच जवळ जाते. हे आधीच कबूल करून अंदाजपत्रक मांडावं.

व्हाउचर तेव्हा, जेव्हा चालण्याच्या अंतरावर किमान तीन-चार बऱ्या जागा आहेत आणि रिकाम्या आहेत. एकट्या आयांसाठी ते लवकर परिणाम देतं. जागाच नसतील तर आधी जागांवर खर्च करा.

हातात एकाच वर्षाचा निधी असेल तर काहीही नवीन उघडू नका. असलेल्या घरगुती पाळणाघरांत खिडकी पाडून द्या, जिन्याला फाटक लावा, बायकांना प्रथमोपचार आणि मुलांशी बोलण्याचं शिक्षण द्या, शेजारच्या बालवाडीला दुपारच्या चटया घेऊन द्या. वर्षाने पैसा थांबला तरी या गोष्टी मागे उरतात आणि कुणाचंही चालू पाळणाघर बंद पडत नाही.